जाहिरातीतला चेहरा नागपूरचा का दिसत नाही? (मॉडेल निवडण्यापासून फ्लेक्स टांगेपर्यंत)

इतवारीकर
नमस्कार मंडळी. लग्नसराईसाठी साड्यांच्या दुकानाची जाहिरात करायची आहे, दुकान नागपूरच्या गांधीबागेतलं. काम असं: ४० × २० फुटांची दोन होर्डिंग्ज, त्यातलं एक रात्री आतून उजळणारं, वर्तमानपत्रात पाव पान, तीन रविवार, आणि मोबाइलसाठी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे सहा व्हिडिओ. मॉडेल चार.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) व्हरायटी चौकापासून चालत निघालं तर रस्त्यावरची माणसं आणि वर फळ्यांवरची माणसं दोन वेगळ्या मुलखांतली वाटतात. विदर्भातल्या बाया सावळ्या आहेत, गव्हाळ आहेत, काळ्या आहेत, आणि साडी त्याच विकत घेतात. म्हणून चारपैकी निदान तिघी तशा असाव्यात असं ठरवलं आहे. मालक तयार आहेत, पण धास्तावलेले आहेत.

प्रश्न दोन. एक, मॉडेलची मागणी कोऑर्डिनेटरला, म्हणजे मॉडेल पुरवणाऱ्याला, कशा शब्दांत लिहायची? 'सावळी चालेल' असं लिहिलं की एकच सावळी आणि तीन गोऱ्या पाठवतात. दोन, सावळ्या मॉडेलचा फोटो छापून आला की ती राखाडी तरी दिसते नाही तर दोन शेड गोरी झालेली असते. हे नेमकं कुठे बिघडतं? 'समाजच तसा आहे' एवढंच लिहू नका. कोणत्या टप्प्यावर काय करायचं ते सांगा.

तर्रीपोहे
वाचनखूण टाकली. जाणकारांनो, या लवकर.

गाठोडं
पहिला टप्पा तुमच्या यादीत नाहीच भाऊ. साडीचा फोटो बहुतेक वेळा नागपुरात काढलेलाच नसतो. सुरतचा व्यापारी मालासोबत कॅटलॉग पाठवतो आणि तेच फोटो इथल्या दुकानाच्या स्टेटसवर, पॅम्प्लेटवर, फ्लेक्सवर चढतात. फुकट असतात म्हणून. कॅटलॉगच्या शूटला एका दिवसात चाळीस-पन्नास साड्या उरकायच्या असतात. लाइट सकाळी लावले की संध्याकाळपर्यंत कोणी हलवत नाही. मॉडेल तीच, मागचा पडदा तोच. तो साचा उजळ कातडीवर बसवलेला असतो. सावळी मुलगी उभी केली तर लाइट पुन्हा लावावे लागतात, म्हणून तिला बोलावतच नाहीत. चेहऱ्याची निवड इथे कोणी करतच नाही, ती गठ्ठ्यात बांधून येते.

तेव्हा होर्डिंग आणि पेपरसाठी कॅटलॉगचा एकही फोटो वापरणार नाही, हे मालकांशी आधी कागदावर ठरवा. पैसे कमी पडले की शेवटच्या आठवड्यात तोच फोटो मागच्या दाराने येतो.

रानपाखरू
टीव्हीवरही असंच चालतं. साबण, चहा, तेल यांच्या 'मराठी' जाहिराती पुष्कळदा हिंदीत चित्रित होतात आणि वर मराठी आवाज चढवतात. एकच फिल्म सगळ्या राज्यांत चालावी असा चेहरा शोधतात. धंद्यात त्याला 'पॅन-इंडियन लुक' म्हणतात आणि तो जवळजवळ नेहमीच उजळ, शहरी, उत्तरेकडचा निघतो. गडचिरोलीच्या मुलीला त्या 'पॅन'मध्ये जागा नाही. इथल्या माणसाच्या हातात चेहरा निवडायचा अधिकार उरतो तो सराफ, साड्या, बिल्डर, दवाखाने आणि क्लासेस यांच्या जाहिरातींत. म्हणून हा धागा मोलाचा आहे.

धरमपेठ_लेन३
थोडा विरोध करतो. साडीची जाहिरात म्हणजे जनगणनेचा तक्ता नाही. गिऱ्हाईक आपल्यासारखी बाई बघायला येत नाही, आपण जसं दिसावं असं वाटतं ते बघायला येतं. लग्नाच्या शालूला एवढे पैसे मोजणाऱ्या घराला फळ्यावर थाट पाहिजे. तीन सावळ्या मॉडेल घेतल्या आणि हंगाम बसला तर तोटा मालकाचा. आणि सावळ्या मुलींचे पोर्टफोलिओच येत नाहीत असं कोऑर्डिनेटर सांगतात, ते खोटं म्हणता येईल का?

करवतकाठी
थाट पाहिजे, मान्य. पण थाट आणि गोरेपणा एकाच गाठीत का बांधता? साडीच्याच बाजूने बघा. आपल्याकडची करवतकाठी टसर घ्या, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली रेशमी साडी. टसरचा मूळ रंग फिका सोनेरी-मातकट. उजळ कातडीवर तो कातडीत मिसळतो. काठ तेवढा दिसतो आणि पोत हरवतो. सावळ्या अंगावर तेच कापड उठून येतं आणि काठाची करवत दुरून मोजता येते. मोहरी, हळदी, राणी, गर्द हिरवा, मोरपंखी यांचंही तसंच. २२ कॅरेटचं पिवळं सोनं तर गडद कातडीवर जेवढं सोनं दिसतं तेवढं कुठेच दिसत नाही. अवघड जातात ते फक्त दोन गट: कातडीच्याच छटेचे गडद तपकिरी-कॉफी रंग, आणि पांढऱ्याकडे झुकणारे फिके गुलाबी, फिके निळे. पहिल्यांना काठ आणि ब्लाउज वेगळ्या रंगाचा द्या, दुसऱ्यांत चेहऱ्याचं एक्स्पोजर सांभाळावं लागतं. म्हणजे दुकानातल्या बहुतेक मालाला सावळी मॉडेल जास्त चांगली विकते.

पोर्टफोलिओ येत नाहीत हे खरं असेल. पण वर्षानुवर्षं मागणीत 'फेअर' लिहिलं असेल तर सावळी मुलगी फोटोंवर पैसे घालेल काहून? मागणी बदलली की दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात येतात.

जुनी_पानं
पोर्टफोलिओ नाहीत हे कारण जगभर दिलं गेलं आहे, म्हणून थोडं मागचं लिहितो.

ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉनिएल लूना ही कृष्णवर्णी मॉडेल आली १९६६ मध्ये. अमेरिकन व्होगला बेव्हर्ली जॉन्सनपर्यंत पोचायला १९७४ उजाडलं, फ्रेंच व्होगला नाओमी कॅम्पबेलपर्यंत १९८८. जुलै २००८ मध्ये व्होग इटालियाने एक अख्खा अंक कृष्णवर्णी मॉडेलना दिला आणि मागणी एवढी आली की तो पुन्हा छापावा लागला. धरमपेठभाऊ, 'विकलं जात नाही' या म्हणण्याला तिथे तरी उत्तर मिळालं. पण पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, बेथन हार्डिसन, इमान आणि नाओमी कॅम्पबेल या कृष्णवर्णी मॉडेलना न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलानच्या फॅशन संस्थांना जाहीर पत्र लिहावं लागलं, कारण रॅम्पवर पुन्हा गोऱ्याच मुली दिसू लागल्या होत्या. एक अंक, एक हंगाम केला की काम झालं असं होत नाही.

आपल्याकडे फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं क्रीम १९७५ मध्ये आलं आणि २०२० मध्ये त्याचं ग्लो अँड लव्हली झालं. पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम २००५ चं. 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम चेन्नईतून २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगाची चाळणी काढली २०२० मध्ये. 'फेअर' शब्द पाटीवरून गेला, त्याच्या जागी 'ग्लो', 'ब्राइट' आले, चेहरे मात्र फारसे बदलले नाहीत.

प्रकाशमापक
दुसऱ्या प्रश्नाचं माझ्या वाटणीचं उत्तर. पहिली गडबड कॅमेऱ्यातच होते.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मिळून मधला राखाडी धरतं, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारा. सावळी मॉडेल, जरीची फिकी साडी, मागे पांढरा पडदा अशी फ्रेम असली की मीटर पांढऱ्याला घाबरून एक्स्पोजर खाली आणतं आणि चेहरा एक ते दीड स्टॉप अंधारात जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मग संगणकावर तो ओढून वर आणतात. अंधारातून ओढलेल्या कातडीत रंग उरत नाही, दाणे आणि राख येते. तुमचा 'राखाडी' इथे तयार होतो. 'दोन शेड गोरी' होते ती उलट चुकीने, म्हणजे चेहऱ्यावर स्पॉट मीटर (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारं) धरून तो शून्यावर, म्हणजे त्याच मधल्या राखाडीवर, आणला की. गडद कातडी शून्यावर ठेवायचीच नसते. ढोबळ मानाने उजळ कातडी अधिक एक, गव्हाळ शून्य ते अधिक पाव, गडद उणे एक. याहून सोपं म्हणजे हातातलं इन्सिडेंट मीटर: चेहऱ्याजवळ, पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करून. ते कातडीवरून परतलेला नव्हे, अंगावर पडणारा प्रकाश मोजतं. त्याला रंगाचा पूर्वग्रह नाही.

दुसरं, गडद कातडीचा आकार दिसतो तो सावलीतून कमी आणि चकाकीतून जास्त. म्हणून लाइट मोठा हवा: १२० ते १५० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, बाजूने, मॉडेलपासून दीड मीटरवर. समोरून छोटा कडक लाइट मारला की कपाळावर एक पांढरा ठिपका येतो आणि बाकी चेहरा सपाट. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. मागून केसांवर-खांद्यावर एक लाइट, मुख्य लाइटपेक्षा अर्धा स्टॉप जास्त, म्हणजे केस पडद्यात बुडत नाहीत. पडदा तपकिरी किंवा काळा नको.

तिसरं, पहिल्या फ्रेममध्ये मॉडेलच्या हातात २४ चौकटींचं कलर कार्ड द्या. हे कार्ड १९७६ पासून आहे आणि त्याच्या पहिल्या दोन चौकटी कातडीच्याच आहेत, एक गडद आणि एक उजळ. पुढे भांडण झालं की पुरावा तोच.

जुनी_पानं
प्रकाशमापकांच्या मुद्द्याला एक जोड. हा पूर्वग्रह रोलच्या काळापासूनचा. कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला नमुन्याचा फोटो पाठवायचं, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोरी बाई असे. तिची कातडी नीट आली की मशीन बरोबर. फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारायला हातभार लागला तो फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा: लाकडाच्या जाती आणि चॉकलेटचे प्रकार जाहिरातीत वेगळे दिसेनात. वेगवेगळ्या वर्णांच्या बायांचं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात.

तर्रीपोहे
म्हणजे चॉकलेटने तक्रार केली तेव्हा माणसं नीट दिसू लागली. वाचून सुन्न झालो.

रंगपेटी
मेकअपचा टप्पा कोणी घेतला नाही, म्हणून लिहिते.

राखाडीपणा कॅमेऱ्याआधी मेकअपच्या खुर्चीतही येतो. फाउंडेशनमधला पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. उजळ शेडमध्ये थोडा तपकिरी घालून बनवलेल्या 'डार्क' शेडमध्ये तो जास्त उरतो आणि गडद कातडीवर राखेसारखा बसतो. उन्हापासून संरक्षणाचं क्रीम खाली असेल आणि वरून फ्लॅश मारला तर चेहरा पांढरा फटक आणि मान काळी. शूटच्या दिवशी असलं क्रीम नको, 'पारदर्शक' म्हणून मिळणारी पांढरी पावडरही नको, रंगीत पावडर घ्या.

शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढा, मानेकडे उतरवा, पंधरा मिनिटं थांबा आणि खिडकीशी बघा. हवेने फाउंडेशन गडद होतं. जो पट्टा दिसेनासा होतो तो खरा. सावळ्या कातडीत पिवळी, लाल, ऑलिव्ह अशा झाका असतात. दोन बायांची गडदता सारखी असूनही बाटली वेगळी लागते. डोळ्यांखाली आधी नारिंगी करेक्टर, मग शेड. थेट उजळ कन्सीलर लावलं की राख. आणि पावडर कमी: प्रकाशमापक म्हणाले ती चकाकीच आपण पुसून टाकतो. घाम कागदाने टिपा.

गायिका रिहानाच्या फेंटी ब्युटी या मेकअप ब्रँडने २०१७ मध्ये एकदम ४० शेड आणल्या त्याचं एवढं कौतुक झालं, कारण तोवर गडद टोकाला दोन-तीनच बाटल्या असायच्या. मेकअप करणाऱ्याला आधीच विचारा, गडद शेड किती आहेत? चार मॉडेलसाठी दोन बाटल्या घेऊन येणारी व्यक्ती नको.

आणि हात! बांगड्यांच्या जाहिरातीत चेहरा दोन शेड वर नेलेला आणि हात मूळ रंगाचे, असं कितीतरी फळ्यांवर दिसतं. चेहरा, कान, मान, हात, पाय यांची एकच शेड.

छापखानेवाला
आता छपाई. इथे सगळ्यात जास्त मार बसतो.

वर्तमानपत्र: कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका छापून येईपर्यंत ७५ च्या आसपास जातो. उजळ चेहऱ्यात बहुतेक ठिपके २०-३० टक्क्यांतले, ते वाढूनही चेहरा राहतो. सावळ्या चेहऱ्यातले मधले ठिपके आधीच ५०-६०. ते वाढले की डोळा, नाकपुडी, ओठाची कड सगळं एक होऊन जाते. हे टाळायला चेहरा गोरा करायची गरज नाही. चार गोष्टी करा. फाइल न्यूजप्रिंटच्या, म्हणजे वर्तमानपत्री कागदाच्या, रंग-प्रोफाइलमध्ये बदला, आर्ट पेपरच्या नव्हे. चारही शाया मिळून २४० टक्क्यांच्या वर नको. चेहऱ्यातला काळा आणि निळा आवरा, कारण कातडीची ऊब लाल-पिवळ्यात असते आणि निळा जास्त झाला की मातकट हिरवी छटा येते. आणि कर्व्हचा मधला भाग थोडा उचला, पण कपाळ आणि गालाच्या हाडावरची चकाकी व डोळ्याची सावली यांतलं अंतर तेवढंच ठेवा. स्क्रीनवर हे किंचित फिकं दिसते, कागदावर मूळ रंगावर येते. तोच फोटो मोबाइलवर टाकू नका, तिथे खरंच गोरा दिसेल. पेपरची फाइल वेगळी, मोबाइलची वेगळी, फ्लेक्सची वेगळी.

फ्लेक्स: इथे ऑपरेटरचा हात आडवा येते. 'चेहरा काळा दिसून राहिला' म्हणून तो मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच ब्राइटनेस वाढवून देते, सवयीने, चांगल्या मनाने. ऑर्डरवरच लिहा: रंग बदलायचा नाही. होर्डिंगवरच्या खऱ्या मापातला चेहऱ्याचा एक चौरस फुटाचा तुकडा, म्हणजे डोळा आणि गाल, आधी छापून घ्या. अख्खा फोटो लहान करून छापलेला नमुना उपयोगाचा नाही, त्यात ठिपका वेगळा पडते.

वऱ्हाडी_ठेचा
+१. आणि व्हिडिओचं कोणी सांगा नं.

प्रकाशमापक
व्हिडिओ: रंग बघायला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला व्हेक्टरस्कोप उघडा. त्यावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेघ असते. माणसाची कातडी कुठल्याही वर्णाची असो, तिचा रंग याच रेघेच्या आसपास पडतो. फरक असतो उजेडाचा आणि रंगाच्या दाटपणाचा. म्हणजे 'सावळा रंग कसा धरायचा कळत नाही' याला अर्थ नाही. रेघ तीच ठेवा. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, उजळ चेहरा ६० ते ७० मध्ये बसतो, गडद ३५ ते ५० मध्ये. एडिटर सवयीने सगळे चेहरे ६५ वर नेतो, तिथे अडवा. तयार मिळणारे 'सिनेमॅटिक' फिल्टर बहुतेक उजळ कातडीवर बेतलेले असतात, सावळीला ते नारिंगी तरी करतात नाही तर हिरवट. आणि मोबाइलवर शूट असेल तर ब्युटी मोड शून्यावर. काही फोनमध्ये तो बंद केल्यावरही समोरचा कॅमेरा त्वचा गुळगुळीत करतो, म्हणून मागचाच कॅमेरा वापरा.

गोंडवन
चर्चा छान चालली आहे, पण सगळी रंगाच्या छटेवर अडकली आहे. चेहरा घेतला, रंग जपला, पण त्याला फ्रेममध्ये उभं कुठे केलं? चार मॉडेलचा फोटो असला की मधे उजळ, शालू तिला, बसायला खुर्ची तिला. सावळी कडेला, सुती साडीत, मागे वळून हसताना. यादीत प्रतिनिधित्व झालं, फळ्यावर नाही झालं.

हे शहर १७०२ मध्ये बसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. आणि आज गोंड-माडिया चेहरा जाहिरातीत दिसतो तो कुठे? सरकारी योजनेच्या पोस्टरवर, हातात अर्ज घेऊन. खत-बियाण्याच्या जाहिरातीत सावळा माणूस, कारण तो शेतकरी. गृहकर्जाच्या जाहिरातीत उजळ, कारण त्याला घर घ्यायचं आहे. चेहऱ्याच्या रंगाला जात आणि कामधंदा चिकटवलेला आहे, तो सोडवायचा असेल तर शालू कोणाला नेसवता ते आधी ठरवा. माझी सूचना: सर्वांत महाग साडी आणि मधली जागा सर्वांत गडद मॉडेलला. पाव पानात एकच चेहरा बसणार असेल तर तोही तिचाच.

रानपाखरू
गोंडवन, शंभर टक्के सहमत. एक भर: ईशान्येकडच्या चेहऱ्यांचंही तसंच होतं. मोमो, सलून आणि विमान यांच्या बाहेर ते जाहिरातीत दिसत नाहीत. या शहरात शिकायला, नोकरीला राहणारी कितीतरी माणसं तिकडची आहेत, भाड्याने घर घेतात, कपडे घेतात, दवाखान्यात जातात. आपण वर्ण म्हटलं की फक्त काळा-गोरा धरतो.

धरमपेठ_लेन३
गोंडवनांचा मुद्दा पटला, तो माझ्या डोक्यात नव्हता. विक्रीबद्दल शंका अजून आहे. मालकांनी दोन होर्डिंग्ज वेगवेगळी करून बघावीत, एकावर एक चेहरा, दुसऱ्यावर दुसरा, आणि चौकशीला दोन वेगळे फोन नंबर. म्हणजे मतावर वाद नको, आकडा समोर येईल.

छापखानेवाला
अशी तुलना खरी धरता येणार नाही भाऊ. दोन चौकांची गर्दीच वेगळी, आणि एक होर्डिंग रात्री उजळणारं, दुसरं नाही. करायचीच असेल तर मोबाइलच्या जाहिरातीत करा: साडी तीच, मजकूर तोच, वेळ आणि वयोगट तोच, फक्त चेहरा वेगळा, सात दिवस. तिथे तुलना होऊ शकते.

धरमपेठ_लेन३
हे मान्य.

नियमावली
कायदेशीर बाजू थोडक्यात, कारण मजकूर लिहिताना लागेल. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे आस्की, १९८५ पासून. गोरेपणाच्या उत्पादनांसाठी तिची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं ऑगस्ट २०१४ मध्ये आली: गडद कातडीची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा काळजीत दाखवायची नाही, लग्न, नोकरी, बढती यांत ती मागे पडते असं सुचवायचं नाही, कातडीच्या रंगाला आर्थिक स्तर, जात, समाज, धर्म किंवा व्यवसाय चिकटवायचा नाही. गोंडवन जे म्हणाले ते यात बरंचसं आहे, मात्र तत्त्वं त्या उत्पादनांपुरती आहेत, साडीला थेट लागू नाहीत.

टीव्हीपुरता जोर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधून येतो. नियम ७ नुसार वंश, जात, वर्ण, पंथ, राष्ट्रीयत्व यांची टिंगल करणारी जाहिरात दाखवता येत नाही आणि आस्कीची संहिता मोडणारीही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात बदलाचा मसुदा आला होता, त्यात गोरेपणाच्या दाव्यांचाही समावेश होता आणि पुन्हा गुन्हा केल्यास ५ वर्षं कैद व ५० लाख दंड सुचवला होता. तो मसुदाच होता.

तुमच्या मजकुरात 'उजळून दिसा', 'नवरीचं गोरं रूप खुलवा' असलं काही नको. कायदा अडवो न अडवो, वरचा फोटो आणि खालची ओळ एकमेकांना खोटं पाडतात.

टी_स्क्वेअर
विषयाला धरूनच, पण बिल्डरांकडे वळतो. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडच्या स्कीमच्या चित्रांत बागेत धावणारं कुटुंब बघा: सोनेरी केस, हातात कागदी कॉफीचा पेला. हे कोणी मुद्दाम निवडत नाही. थ्रीडी चित्र करणाऱ्याकडे कापून ठेवलेल्या माणसांचा संच असतो, तो परदेशी. फोटोंच्या साइटवर नुसतं 'फॅमिली' शोधलं तरी पहिली पानं गोऱ्यांची. उपाय एका दिवसाचा आहे: ढगाळ दिवशी, म्हणजे सावली पडत नाही तेव्हा, साध्या भिंतीसमोर पंधरा-वीस माणसं उभी, बसलेली, चालताना, पाठमोरी टिपा. नऊवारीतली आजी, हेल्मेट हातात घेतलेला पोरगा, दप्तर घेतलेली मुलगी, सायकलवाला. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, सगळ्यांसाठी एकच. सगळ्यांकडून वापराची लेखी परवानगी. कापून ठेवले की अनेक वर्षं पुरतात.

वऱ्हाडी_ठेचा
आता तर एआयने मॉडेल बनवून राहिले लोक. शूटच नको.

करवतकाठी
साडीला ते चालत नाही. एआय काठ आणि पदर मनाने विणतं. करवतीचे दात मोजा, फोटोत वेगळे आणि दुकानात वेगळे. गिऱ्हाईक फोटो दाखवून साडी मागतं तेव्हा पंचाईत. आणि नुसतं 'भारतीय स्त्री' लिहिलं की हटकून उजळ, गुळगुळीत, एकसारख्या नाकाची बाई येते. शेड लिहून दिली तरी पुढच्या चित्रात घसरते. २०२३ मध्ये जीन्सवाल्या लिव्हाइस कंपनीने विविधता वाढवायला एआय मॉडेल वापरणार असं जाहीर केलं तेव्हा टीका झाली ती याच मुद्द्यावर: सावळ्या मुलीचा चेहरा पाहिजे, पण तिला कामाचे पैसे द्यायचे नाहीत का?

तर्रीपोहे
क्लासेसच्या होर्डिंगवरच्या टॉपरांचं कोणी तरी लिहा! पन्नास पोरं आणि सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे. आईवडिलांनाही आपलं पोरगं ओळखू येत नसेल. निकाल लागले की शहरात सगळ्यात जास्त खऱ्या माणसांचे चेहरे फळ्यांवर चढतात ते हेच, आणि तेही बदलून.

छापखानेवाला
बरोबर पकडलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दबून आलेले असतात, कोणी ट्यूबखाली, कोणी उन्हात. सगळे सारखे दिसावेत म्हणून डिझायनर चेहऱ्यांना एकच 'स्किन' अ‍ॅक्शन चालवते. सारखं करायचं असेल तर चेहरा सारखा करायचा नाही, पांढरा सारखा करायचा. बहुतेक पोरांच्या गणवेशाची कॉलर पांढरी असते. प्रत्येक फोटोत ड्रॉपर (सॉफ्टवेअरमधलं रंग टिपणारं साधन) कॉलरवर टेकवून रंग जुळवा, मग कॉलरचा उजेड सगळ्यांत एकसारखा करा. चेहरा आपोआप स्वतःच्या रंगावर येते. मागचा रंग बदलून एक करा. पन्नास फोटोंना दोन तास जास्त लागतात. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, दबत नाही.

रंगपेटी
कॉलरची युक्ती मेकअपच्या ट्रायललाही कामाची आहे. आभार.

इतवारीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही प्रश्नांना धरून आतापर्यंत एवढं ठरवलं आहे. कॅटलॉग बंद. मधली जागा आणि शालू गोंडवन म्हणाले तसं. कलर कार्ड, तीन वेगळ्या फाइली, मोबाइलवर सात दिवसांची तुलना. मागणीचा मजकूर मात्र कोणी लिहिला नाही. शिवाय एक अडचण: एका फ्रेममध्ये सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ मॉडेल शेजारी असतील तर लाइट कोणासाठी लावायचा?

रानपाखरू
मागणीत 'डस्की', 'फेअर', 'व्हीटिश' हे तिन्ही शब्द नकोत. त्यांना माप नाही, प्रत्येक जण आपल्या सोयीने उजळीकडे ओढतो. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक पट्टी उन्हाने कातडी किती भाजते यावर बेतलेली आहे, १९७५ ची, तीही इथे नको. एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलने २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, तिचे आकडे लिहा: 'छटा ४ ते ५ एक, ६ ते ७ दोन, ८ किंवा गडद एक'. पट्टीचं चित्र सोबत जोडा. मग वय, साडी नेसून चालता येणं, मराठी बोलता येणं, कामाचे तास, फोटो कुठे आणि किती महिने वापरणार ते. मानधन चौघींना सारखं, आणि तेही मागणीतच लिहा.

फोटो असे मागा: मेकअप नाही, फिल्टर नाही, खिडकीच्या उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उभं, दोन्ही हात, आणि हातात कोरा पांढरा कागद. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर कातडीचा रंगही खरा नाही हे लगेच कळतं. तीस सेकंदांचा बोलण्याचा व्हिडिओ. करारात एक ओळ: कातडीचा रंग उजळवला जाणार नाही, अंतिम फोटो कलर कार्डच्या फ्रेमशी ताडून मंजूर होईल. ही ओळ मॉडेलच्या करारात आणि रिटच करणाऱ्याच्या करारातही.

प्रकाशमापक
लाइट गडद मॉडेलसाठी लावायचा आणि उजळीवरून काढून घ्यायचा. मुख्य लाइट गडद मॉडेलच्या बाजूला ठेवा. तिच्यापासून दीड मीटर आणि दुसरीपासून २.१ मीटर अंतर झालं की दुसरीवर बरोबर एक स्टॉप कमी पडतो. एवढ्याने भागलं नाही तर उजळ मॉडेलच्या बाजूला लाइटसमोर जाळीचं कापड धरा, अर्धा स्टॉप आणखी जातो. उजळ कातडी फुटत नाही ना, म्हणजे पांढरी फटक होत नाही ना, हे हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) बघा, फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. दोघींना एका उजेडावर आणू नका. एकमेकींपेक्षा वेगळ्या दिसल्याच पाहिजेत.

इतवारीकर
नोंदवलं. शेवटचं: आतून उजळणाऱ्या होर्डिंगचं काय?

छापखानेवाला
त्यात मोठी फसगत होते. बॅकलिट फ्लेक्सवर एकच थर छापला तर दिवसा ठीक दिसते, रात्री मागून उजेड आला की शाई पातळ पडते आणि सावळा चेहरा गुलाबी-नारिंगी होऊन जाते. दुहेरी थर मागा, शाई जास्त लागते, पैसे जास्त घेतील. दुहेरीत दिवसा चेहरा गडद दिसेल, म्हणून त्याची फाइल चौथी, वेगळी. आतले लाइट थंड पांढरे असतील तर कातडीतली ऊब जाते, ४००० केल्व्हिनच्या जवळचे मागा. आणि आपल्याकडच्या उन्हात सहसा पिवळा आणि लाल आधी उडतात. एप्रिल-मेमध्ये चेहरा निळसर-हिरवट व्हायला लागला की समजायचं फ्लेक्स बदलायची वेळ झाली, म्हणून हंगाम जूनपर्यंत असेल तर दोन प्रती आधीच दरात धरा.

नमुन्याचा तुकडा टेबलावर ठेवून मंजूर करू नका. रात्री त्याच खोक्यावर ताणा, दिवे लावा, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा आणि मॉडेलचा बिनमेकअपचा फोटो हातात धरून बघा.